मरळीची काठी

"मनगटानं हलवा, काका. खांद्यानं न्हाई," आदिनाथ म्हणाला.

राधाकिशननं काठी पुन्हा हलवली. सात फुटांची काळी काठी टोकाशी थरथरली आणि दुकानाच्या पत्र्याला ठक्कन लागली. साठी उलटली तरी या माणसानं कधी पाण्यात गळ टाकला नव्हता, हे सांगायची गरजच नव्हती.

माजलगावच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आदिनाथचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत चालले होते. आत गळ, शिसाची वजनं, भिंतीवर टांगलेले, आमिषाला लावायचे रंगीत रबरी बेडूक. राधाकिशननं आपली गाडी मुद्दाम लांब, रसवंतीपाशी लावली होती आणि तो पायी आला होता.

"कुणासाठी घेताय?"

"आमच्या रामला मरळ मासे धरायचा लई नाद."

"मग त्यांनाच आणायचं की. काठी ज्याच्या त्याच्या हाताला बसली पाहिजे."

"त्याचं येणं न्हाई होत," राधाकिशन म्हणाला. "तूच दाखव."

आदिनाथनं खोदून विचारलं नाही. काठावरून टाकणार की होडीतून, पाण्यात शेवाळ किती, एवढंच विचारलं. राधाकिशननं सुचतील तशी उत्तरं दिली.

"शेवाळ असंल तर लवलवती काठी कामाची न्हाई," आदिनाथ म्हणाला. "मरळीनं गळ धरला की ती सरळ खाली घुसती. तिला वर काढायला बुडात जोर पाहिजे. टोक मात्र नरम, म्हणजे हलका बेडूक बी लांब जातो."

राधाकिशनचे कान बोलण्याकडे होते, डोळे आदिनाथच्या हातांवर. सकाळी निघताना त्याची बायको सुंदरबाई दारापर्यंत आली होती. "बोलण्यावर जाऊ नका," ती म्हणाली होती. "हात बघा. वस्तू कशी उचलतो, कशी ठेवतो ते बघा. एकदा हो म्हणलं की मागं फिरता येत न्हाई."

काचेच्या कपाटात एक चकचकीत रीळ होतं. राधाकिशननं बोट दाखवलं. "ते दे. सगळ्यात भारी तेच ना?"

आदिनाथनं कपाट उघडलंच नाही. "ते अंगठ्यानं आवरायचं असतं. सवय न्हाई त्याच्या हातात नुसता गुंता होतो. रामभाऊंकडं आधीचं कसलं हाय?"

"काठीच्या खाली लटकतं, तसलं."

"मग तसलंच बरं. त्याला काय झालं?"

"गंजलं. पडून हाय."

"घेऊन या इकडं. उघडून तेल घातलं की फिरंल. चांगलं रीळ असताना नवं कावून घेता? गळाचा तंगूस तेवढा बदला. पडून पडून तो कुजतो."

त्यानं विणलेल्या तंगुसाच्या दोऱ्याची गुंडी काढली, हातभर सोडला आणि एक टोक राधाकिशनच्या हातात दिलं. देण्याआधी मात्र खिशातला रुमाल काढून त्याच्या तळहाताला गुंडाळला. "बारीक दिसतो, पण कापतो. आता ओढा."

राधाकिशननं ओढलं. पाय रोवून ओढलं. तंगूस तुटला नाही.

मग तो स्टुलावर बसला. रुमाल सोडून त्याची घडी घालत त्यानं विचारलं, "लग्न झालंय?"

"न्हाई." आदिनाथ हसला. "तेहतीस चालू हाय. सात ठिकाणी जाऊन आलो. चहापोहे बरे मिळाले. गळ विकतो म्हणलं की पुढं बोलणंच होत न्हाई."

"घरी कोण?"

"आई. रतनबाई."

राधाकिशननं घडी घातलेला रुमाल त्याच्यासमोर ठेवला. "मी तेलगावचा. तुझ्या आईच्या ओळखीच्या वत्सलाबाईनं तुझं नाव सांगितलं. काठीचं निमित्त होतं, बाबा. मी तुला बघायला आलतो."

आदिनाथ गुंडी गुंडाळत होता, तो थांबला.

"आमच्या घरी तेजश्री हाय. एकोणतीसची. शाळेत शिकवती. स्वभावानं गरीब न्हाई, पण खरं बोलती."

आदिनाथनं माठातलं पाणी आणून दिलं. स्वतःही एक पेला प्यायला. मग म्हणाला, "त्यांना इचारलंय का?"

"पहिलं तिलाच. सहा महिने न्हाई म्हणत होती. परवा म्हणली, आधी माणूस तुमी बघा. तुमाला पटला तरच मी बघीन."

"शेती असंल तुमची."

"वीस एकर. सगळा ऊस."

आदिनाथचा चेहरा खुलला नाही, उलट सावध झाला. त्यानं काठी उचलून जागेवर लावली आणि तिच्याकडेच बघत बोलला, "काका, राग धरू नका. वीस एकरवाला पाव्हणा असल्या दुकानात पायी येत न्हाई. सात घरांनी न्हाई म्हणलेल्याला कुणी दारात येऊन पोरगी देत न्हाई. थट्टा असंल तर आत्ताच सांगा. आईपर्यंत जाऊ देऊ नका. तिला आता सोसायचं न्हाई."

"थट्टा न्हाई."

"मग एवढ्या मोठ्या घरची लेक माझ्यासारख्याला कावून देताय?"

हा प्रश्न येणार हे राधाकिशनला माहीत होतं. उत्तर त्यानं गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्यानं पेला खाली ठेवला.

"राम गेला त्याला औंदा तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "तेजश्री माझी लेक न्हाई. सून हाय."