पहिल्या नंबरचं उत्तर

निवृत्तीनंतर नरखेडजवळ संत्र्याची बाग घेतली आणि शेतीतली प्रत्येक शंका मी मोबाईलवर शोधू लागलो. बहार यावा म्हणून झाडांचं पाणी किती दिवस तोडायचं, असं टाकलं, तर सगळ्यात वर कुणाचं तरी उत्तर आलं : "बिनधास्त नव्वद दिवस."

शेजारच्या भैय्याजींची हयात संत्र्यात गेलेली. ते बांधावरून ओरडले, "काहून झाडं तहानेनं मारून राहिले गा? दिवस नाही मोजत, माती पाहा लागते!"

मी त्यांच्या नाकासमोर मोबाईल धरला. "तीन हजार लोकांना पटलंय, भैय्याजी. उगाच पहिल्या नंबरवर येतं का?"

नव्वदाव्या दिवशी बागेत पानांपेक्षा काड्या जास्त होत्या. भैय्याजींनी एक काडी कटकन मोडली. "हे लिवणारा हाय तरी कोन गा?"

तेव्हा कुठे मी खाली सरकवून नाव वाचलं.



माझंच होतं, दहा वर्षांपूर्वी शहरातल्या नंदनवन कॉलनीत फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावरून ठोकून दिलेलं, जिथे माझ्या हातून कुंडीतली तुळससुद्धा जगत नव्हती.