शुद्ध मिठाची बाटली

फ्लास्कमध्ये मीठ विरघळलं आणि पाणी गढूळ झालं.

कमळाकर सरांनी फ्लास्क खिडकीकडे धरला. रोह्याच्या त्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. पाणी नितळ हवं होतं. झालं होतं पातळ ताकासारखं. बाहेर टँकर भरून तपासणीच्या निकालासाठी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्न मारून सगळ्यांचा जीव खात होता.

“सिल्व्हर नायट्रेट राहिलंय आत. त्यात मीठ पडलं की असंच दूध होतं. ठमी!”

काचसामान धुणारी ठमी पदराला हात पुसत आली. कोलाडजवळच्या वाडीतली, रोजंदारीवरची.

“फ्लास्क नीट धुतला नाहीस.”

“धुतला, साहेब. शेवटी ते डिस्टिल पानी पन फिरवलं.”

“मग हे काय आभाळातून पडलं? मागच्या खेपेलाच बजावलं होतं. उद्यापासून येऊ नकोस.”

ठमी पिशवी घ्यायला खुंटीकडे वळली. वाद घालणं तिच्या रोजात बसत नव्हतं.

सगुणा तराजूपाशी उभी होती. द्रावणं बनवायचं आणि त्यांची ताकद तपासायचं काम तिचं. पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती. सकाळी याच तराजूवर तिने आधी सिल्व्हर नायट्रेट तोललं, मग मीठ. नंतर तराजूच्या पायाशी थोडे पांढरे दाणे सांडलेले दिसले. तिचं घर पेणच्या खाडीकाठचं, बाप मिठागरात राबणारा. सांडलेलं मीठ तसंच सोडणं त्या घरात पाप. आई ओरडायची आणि दाणा न् दाणा टिपून मडक्यात परत टाकायला लावायची. सगुणाने हातमोजा काढला, ओल्या बोटांनी दाणे टिपले आणि मिठाच्या बाटलीत झटकले. बाहेर आलेलं बाटलीत परत घालायचं नसतं हे तिला पाठ होतं. पण हाताला वळण आईचं होतं.

रोजच्या द्रावणाची ताकद याच शुद्ध मिठावर जोखायची. तेच नासलं तर पुढचा एकही आकडा खरा नाही.

आता तिने बोटांकडे पाहिलं. टोकं काळी पडत चालली होती. मिठाने बोटं काळी होत नाहीत. सिल्व्हर नायट्रेटने होतात, उजेडात, हळूहळू.

तिने मूठ मिटली. बाटली मोरीत ओतायची, नवी फोडायची. कोणाला पत्ता लागला नसता. ठमी खुंटीवरची पिशवी काढत होती.

“सर, थांबा.”

तिने दुसरा फ्लास्क घेतला, स्वतः धुतला, बाटलीतलं मीठ घातलं, वर पाणी ओतून हलवला. पुन्हा तेच पांढरं.

“दोष बाटलीत आहे, सर. माझे हात बघा. मग मावशींचे बघा.”

तिने पंजा टेबलावर ठेवला. ठमीने काही न समजता आपले दोन्ही हात शेजारी मांडले. दिवसभर पाण्यात राहून पांढरे पडलेले, सुरकुतलेले. डाग एकही नव्हता. सरांना हे आधीच दिसलं असतं, बघितलं असतं तर.

“हातमोजे?” सरांनी विचारलं.

“काढले होते. सांडलेले दाणे मीच बाटलीत टाकले. मला ते मीठ वाटलं.”

“तुला कायम करा म्हणून मीच वर सांगून आलोय. आता काय सांगू?”

सगुणाने पंजा टेबलावरून उचलला नाही.

“झालं ते सांगा, सर.”

सरांनी बाटलीवर लाल फुली मारली आणि नवी काढायला कपाटाकडे वळले. “ठमी, हे दोन्ही फ्लास्क धू. आणि उद्या वेळेवर ये,” पाठमोरेच म्हणाले. माफी म्हणून एवढंच.

ठमीने फ्लास्क बाजूला ठेवले. नळ सोडला आणि सगुणाचा हात त्याखाली धरून काथ्याने बोटं चोळू लागली.

“निघत नाय गो.”

“नाही निघायचं, मावशी. कातडी बदलेल तेव्हाच जाईल.”

“व्हय?” ठमी म्हणाली, आणि चोळत राहिली.