ताणा नसलेला माग

अड्याळच्या बाबूलाल विणकरांच्या घरातला रिकामा हातमाग संख्यांना उत्तर देतो, हे गणिताच्या प्राध्यापिका कीर्तीला पटलं नव्हतं. म्हणून भर दुपारी ती स्वतःच पाहायला आली.

"मले आकडेमोड येत नाही, मॅडम," आपल्या मागावर विणता विणता बाबूलाल म्हणाले. "तुमी आकडा बोला. त्याचे जेवढे मूळ तुकडे पडते, तेवढे ठोके तो देते."

कीर्तीनं 'शंभर कोटी सात' म्हटलं. एक आणि ती स्वतः सोडून ही संख्या कशानंच भागली जात नाही; म्हणजे तुकडा एकच. शेजारच्या रिकाम्या मागाची, धागे ठोकून बसवणारी फणी आपोआप हलली आणि एकदाच आपटली.

मग तिनं ४२९४९६७२९७ ही संख्या सांगितली. एके काळी थोर गणितीही हिला अविभाज्य समजून फसले होते. फणी दोनदा आपटली. सहाशे एक्केचाळीस आणि सदुसष्ट लाख चारशे सतरा, असे तिचे दोनच तुकडे पडतात.

"किती सुंदर," कीर्ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

तिच्या संशोधनातली दोनशे आकडी संख्या तिला तोंडपाठ होती. ती फुटते हे नक्की होतं, पण किती तुकड्यांत, हे सात वर्षांत उमगलं नव्हतं. नुसत्या ओढीनं तिनं ती मनात म्हणून पाहिली.

शेवटचा अंक मनात आला आणि फणी आपटली. पुन्हा आपटली. मग तिसऱ्यांदा.

बाबूलालांनी धोटा खाली ठेवला.

"मॅडम, तुमी तं काहीच बोलल्या नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग हा कोणाचं आयकून राहिला?"