दोन सारख्या बाबागाड्या

टेक्सासच्या या माळावर रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन बंदुकांची स्पर्धा भरते आणि सगळेच नेमबाज आपल्या तिन्ही बंदुका बाबागाडीत घालून ढकलत नेतात. हॅडलीच्या घरी तशा दोन गाड्या होत्या, अगदी सारख्या; एक बंदुकांची, एक बाळाची. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्याच स्पर्धेला ती घाईघाईत बाळाची घेऊन आली. पट्टे तोकडे पडले, शॉटगन घसरून खडीत आपटली आणि तिच्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी वाकली.

"शॉटगनला रांगायची घाई झालेली दिसतेय!" म्हातारा क्लेट हसला आणि त्याने स्वतःची शॉटगन तिच्या हाती दिली. "घे पोरी. हिला पाडू नकोस म्हणजे झालं."

हॅडलीचं लक्ष मात्र फोनकडे होतं. घरी तिच्या आईजवळ ठेवलेला छोटा वेस तिच्याशिवाय कुणाकडेच झोपत नसे. आईचा फोन आला की स्पर्धा अर्धवट सोडून निघायचं, असं ठरलं होतं. शेवटची फेरी उरली असताना फोन वाजलाच.

"निघतेच मी, आई. फार रडतोय का गं?"

"रडत होता. मग तू घरी ठेवून गेलेल्या गाडीत निजवला, तर ढाराढूर झोपला. पण हॅडली, या गाडीला बंदुकीच्या तेलाचा केवढा वास येतोय गं! थेट तुझ्या अंगासारखा."