बारा सुरुंग

“किती?”

“बारा,” धम्मदिना म्हणाली.

“बरं.” ओमकारने फोन ठेवला.

तिने मोजलेच नव्हते.

दिघाशी गावाच्या मागच्या टेकडीत दगडाची खाण होती. रोज दुपारी भोंगा व्हायचा. माणसं आडोशाला जायची आणि खडकात भरलेले सुरुंग एकामागून एक उडायचे. जितके भरले तितके आवाज यायला हवेत. एक जरी कमी आला तर तेवढी दारू खडकात जिवंत राहिली. मग ती उडायला पहारीचा नुसता धक्का पुरतो. वाती पेटवायचं काम ओमकारचं. धूळ बसल्यावर सगळ्यांच्या आधी खाली उतरायचं, तेही त्याचंच.

म्हणून लग्न झाल्यापासून ती मोजायची. सकाळी डबा घेताना तो आकडा सांगायचा. आज नऊ. आज बारा. भोंगा झाला की ती मागच्या दारात उभी राहायची, एकेक बोट मिटत. मग त्याचा फोन यायचा, “किती?” तिने सांगितलं की “बरं.” एवढंच. घाबरट बायकोची समजूत काढायची ही त्याची रीत, असं तिला वाटायचं. बरंही वाटायचं आणि लाजही. सासूबाई तर शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “आमची सून बीएस्सी झालीय. सुरुंग मोजाया!”

त्यात गेल्या आठवड्यात कॉलेजातून एक इंजिनिअर संशोधनासाठी खाणीवर आले. पुढच्या महिन्यापासून वाती बंद, म्हणाले. नवे सुरुंग संगणकावरून उडणार, तीसच्या तीस अर्ध्या सेकंदात. कुठे जोड सुटला असेल तर पडद्यावर आधीच दिसणार. घरांना हादरे कमी. सासरे, राघोबाबा, सगळी हयात त्याच खाणीत घालवलेले. ते हसले होते. “आमी हातानं भोक पाडाचो, दिसाला एक. आता मोजाया मानूस पन नको!”

मोजायला माणूस नको, तर आपण का उभं राहायचं? शिवाय हल्ली भोंगा झाला की अडीच वर्षांची रुचिका आधी आईच्या तोंडाकडे बघायची आणि मग कानांवर हात ठेवायची. पोरगी आपल्याकडून भीती शिकतेय, हे धम्मदिनाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिने ठरवलं, आजपासून बंद. खिडकी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि रुचिकाबरोबर टाळ्या वाजवत बसली. भिंत हादरत होती. ती टाळ्या वाजवत होती.

आणि फोन आला तेव्हा खरं सांगायची लाज वाटली. सकाळचाच आकडा तिने सांगून टाकला.

“अकराच झालं गं,” ओट्यावरून राघोबाबा म्हणाले. “एक उडला न्हाय.”

“बाबा, नक्की?”

“त्यांचं काय ऐकतेस?” सासूबाई आतून ओरडल्या. “जेवल्यावर घोरत व्हते!”

“घोरत व्हतो तरी कान उघडं व्हते,” राघोबाबा म्हणाले.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. खाली उतरताना फोन वॉचमनच्या पेटीत ठेवायचा, हा तिथला नियम. धूळ बसायला दहा मिनिटं. त्यातली किती गेली?

रुचिकाला सासूबाईंच्या मांडीवर टाकून ती पळाली. रस्त्याने गेली असती तर उशीर झाला असता. ती गोदामांच्या मागून, कुसळांतून गेली. एक चप्पल तुटली. तिने दुसरीही सोडली. पळताना डोळ्यांसमोर फक्त पहार येत होती. ती वर उचललेली. ती खाली येताना.

खाणीच्या तोंडाशी लडकू वॉचमन लाल झेंडा गुंडाळत होता.

“वहिनी? अनवाणी?”

“हे उतरले?”

“आत्ताच. ते बघा.”

खोल खाली ओमकार खडकाच्या अगदी जवळ पोचला होता. खांद्यावर पहार. मागे त्याचा जोडीदार हिरामण. तिने जीव तोडून हाक मारली. खडी फोडणारा क्रशर पुन्हा सुरू झाला होता. हाक त्याच्या खडखडाटात विरली. ओमकारने खांद्यावरची पहार खाली घेतली.

लडकूच्या मागे पत्र्याच्या खोलीत भोंग्याचं बटण होतं. तिने ते दाबलं आणि दाबूनच धरलं.

खाली हिरामणने वर पाहिलं. त्याने ओमकारचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत चढाकडे पळवलं. क्रशर बंद पडला. माणसं धावत आली. इंजिनिअरही आले.

ओमकार वर आला तो पिठात बुडाल्यासारखा पांढरा. “काय झालं? रुचिका बरी आहे ना?”

“मी मोजलेच नाहीत,” ती म्हणाली. “तुम्हाला खोटंच सांगितलं. बाबा म्हणतात अकरा झाले.”

कुणीतरी हसलं. हिरामण मात्र कडेला जाऊन खाली बघत होता. मग त्याने बोट दाखवलं. डाव्या कोपऱ्यात, ओमकार उभा होता तिथून चार पावलांवर, खडकाचा एक भाग तसाच उभा होता. त्याच्या भोकातून अर्धी जळलेली वात लोंबत होती.

आता कुणी हसलं नाही.

“पण वहिनी, तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?” इंजिनिअर हळू आवाजात म्हणाले. “मोजायची जबाबदारी वात पेटवणाऱ्याची. ओमकार, तू मोजले होतेस ना? किती?”

ओमकारने धूळ भरलेल्या डोळ्यांनी धम्मदिनाकडे पाहिलं.

“साहेब, पहिला उडाला की माझ्या कानात शिट्टी सुरू होते. ती थांबेपर्यंत पुढचं काही ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली,” तो म्हणाला. “मोजते ती ही.”