लंडनच्या मापाची दुर्बीण

दुर्बिणीचा खांब उत्तरेकडे कलला होता आणि खुशालराव देशमुखांच्या हातात नत्थुजी गवंड्याची थापी होती. थापी त्यांनी विहिरीच्या तोंडावर धरली होती.

"सूतभर बी हालला तं काय करीन म्हनलं होतं म्या?"

"थापी विहिरीत टाकीन म्हनलं होतं जी."

"अन्?"

"अन् पाच गावांत मले कोनी वीट उचलू देनार नाई."

"पाठ हाये लेकाले," खुशालराव म्हणाले.

नत्थुजीला दुसरा धंदा येत नव्हता. त्याच्या बापालाही आला नव्हता.

दुर्बीण आली होती अकोल्याच्या सूर्यभानजींमुळे. त्यांनी पाच फुटांची घेतली, म्हणून खुशालरावांनी सात फुटांची मागवली. आकाशाचा या व्यवहाराशी फारसा संबंध नव्हता. मुंबईच्या दलालाने पत्रातून विचारलं, दुर्बिणीची बैठक किती अक्षांशाची पाठवू? अक्षांश म्हणजे काय हे गड्यांसमोर कोणाला विचारणं देशमुखाला शोभलं नसतं. त्यांनी उत्तर धाडलं, 'सगळ्यात भारी असेल तो.' दलालाने लंडनचा पाठवला.

चांदूर रेल्वेच्या शाळेतले उत्तमराव मास्तर ती बैठक पाहून कळवळले. "खुशालरावजी, हिचा आस ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. तरच चावी दिल्यावर नळी ताऱ्यामागे फिरेल. लंडनला ध्रुव पार वर असतो, आपल्याकडे त्या निंबाच्या शेंड्यापाशी. बैठकीखाली तीस अंशांची पाचर ठोकू, काम होईल."

"पाचर डुगडुगत्या खाटेले ठोकतेत मास्तर. लंडनच्या मालाले नाई."

खांबाचंही तसंच झालं. जागा ठरली घरामागच्या काळ्या मातीच्या वावरात, कारण तिथून दुर्बीण बडनेऱ्याच्या गाडीतल्या लोकांना दिसली असती. नत्थुजी म्हणाला, "मालक, काळीत खांब नाई राहत जी. मुरूम लागेपर्यंत खंदा लागते."

"दुर्बिनीनं वरतं पाहाचं हाये का खालतं?"

"वरतं जी."

"मंग पाया कायले पायजे?"

नत्थुजीने हातभर खड्डा खणला आणि ओळंबा लावून सरळ खांब उभा केला. वर्षभर पाहुणे आले. पाहुणा डोळा लावेपर्यंत चंद्र नळीतून निघून जाई. खुशालराव म्हणत, नजर कमी पडते तुमची. पाहुणेही मान डोलावत, कारण आत जेवणाची पानं मांडलेली असत.

मग वैशाख आला. काळीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या. त्यातली एक खांबाच्या उत्तर अंगाने गेली, आणि खांब दुर्बिणीसकट तिच्यात बसला. सोमवारी डिप्टी कमिशनर साहेब दुर्बीण पाहायला येणार होते. आज रविवार होता.

"थांबा!" उत्तमराव मास्तर ओरडले. ते गुडघ्यावर बसून बैठकीला कोनमापक लावत होते. त्यांनी तो पुसला, पुन्हा लावला, आणि मग जमिनीवरच फतकल मारून बसले.

"काय झालं?"

"तीस अंश. वर थोडं. पाचरीचं काम भेगेनेच केलं. खुशालरावजी, याला हात लावू नका. चावी आणा."

दिवेलागण झाली होती. अष्टमीचा चंद्र डोक्यावर होता. मास्तरांनी नळी वळवली, चावी दिली आणि डोळा लावला. आतली घड्याळाची चाकं टकटक करू लागली. बऱ्याच वेळाने मास्तर बाजूला झाले.

"वाळकं वावर काय करू शकतं बघा," ते म्हणाले. "नत्थुजी, तुझा खांब आता कुठे सरळ झाला."

नत्थुजीने खुशालरावांच्या हाताकडे पाहिलं. थापी अजून विहिरीवरच होती.

थापी घेऊनच खुशालराव दुर्बिणीपाशी आले आणि त्यांनी डोळा लावला. चंद्र मधोमध होता. एक मिनिट गेलं. पाच गेली. चंद्रावरचे खड्डे खापराच्या तुकड्यासारखे लख्ख दिसत होते, आणि जागचे हलत नव्हते. खुशालरावांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मास्तर, हा हालून कावून नाई राहिला?"

"आता नाही हलणार. यंत्र पहिल्यांदाच नीट चाललंय."

"नीट?" खुशालराव नळीपासून दूर झाले. "अवो, चंद्र बंद पडला! सूर्यभानच्या डबड्यात चंद्र नुसता दिसते. माह्या दुर्बिनीत चंद्र चालते. साहेबाले म्या तसं लिहून देल्लं, तवा कुठं थो येऊन राहिला. उद्या त्याले काय दाखवू? उभा चंद्र? उभा चंद्र तं आमच्या गंगूबाईले बी दिसते, भांडे घासता घासता!"

मास्तरांनी तोंड उघडलं. पृथ्वीपासून सुरुवात करावी की ध्रुवापासून, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी कोनमापक खिशात घातला.

खुशालरावांनी थापी नत्थुजीपुढे धरली. "हे घे. खांब सरळ कर, पाचरी ठोक, काय कराचं थे कर. उद्या दिवे लागाच्या आंधी मले चंद्र चालू पायजे. जमते का, का दुसरा गवंडी पाहू?"

नत्थुजीने थापी घेतली. धोतराला पुसली. एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि मान खाली घालून अदबीने विचारलं,

"किती जोरात पळवाचा जी?"