धायटीला विचारून

“काय गं धायटी, शहरातल्या काचघरात राहायला येतेस का?” खाणवाल्या मुळेसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी झुडपाच्या फांदीला लावलेलं यंत्र ढिम्मच! लाल दिवा म्हणजे नाही, हिरवा म्हणजे हो. झाडाझुडपांना विचारल्याशिवाय डोंगर खोदायचा नाही, असा आता कायदाच होता.

“गप्प म्हणजे राजी,” साहेब उठले. “उद्यापासून खोदायला घेऊ.”

तेजल धावतच पुढे आली. या उतारावरच्या धायटीची लालभडक फुलं चोखत तर ती वाढली होती! आणि गावाची रीत अशी, की आधी फांदी धरून धायटीला विचारायचं, मगच फूल तोडायचं. शेंड्याची फुलं मात्र पाखरांची.

“साहेब, फांदी न धरता कुणी विचारतं का? थांबा, मी विचारते.”

“आल्या बघा नववीतल्या वकिलीणबाई!” जमलेल्या गावकऱ्यांतली सुमाकाकी फिदीफिदी हसली.

तेजलने फांदी अलगद धरली. “धायटीबाई, मी गं, तेजल. जातेस का काचघरात? पाणी, सावली, सगळं आयतं मिळेल हं!” खोटं कशाला सांगायचं?

दिवा लागला. लाल! साहेबांच्या चष्म्याच्या काचासुद्धा लाल झाल्या. त्यांनी निमूटपणे नकार नोंदवला आणि काकीने “आमची पोरगी आहे ती!” म्हणत तेजलची पाठ बडवली.

तेजलची मान अशी ताठ, की डोंगरही खुजा वाटावा. मग सवयीनेच तिने विचारलं, “एक फूल घेऊ का गं?” लहानपणापासून हजारदा विचारलं होतं, पण उत्तर कधी आलं नव्हतं.

दिवा हिरवा झाला.